गॅस बंद केल्यावर

कन्नमवार नगरच्या बाजारात खीमजीच्या दुकानाशी
पोत्याचं तोंड दुमडून ठेवलेलं असतं,
चिखलातून जाताना पँट दुमडावी तसं.
आत खांडसरी. ओल्या वाळूच्या रंगाची,
मुठीत दाबली तर बोटांचे ठसे धरून ठेवणारी.
"केकला? केकला पांढरी घ्या ना शेठ,
ही दाताला लागेल."
मी अर्धा किलो बांधून घेतली,
वर ढेपेचा एक तुकडा, चहासाठी.

वांद्र्याच्या कोर्टाने मला
दुसरा आणि चौथा रविवार दिलाय,
दहा ते सहा.
कोपराला लावलेला गूळ.
दिसतो, वासही येतो,
जीभ पोचत नाही.

त्या रविवारी पहाटे चहा फाटला.
दूध वर येत होतं, मी गूळ टाकला,
आणि बघता बघता पातेल्यात
पाणी एकीकडे, चोथा एकीकडे.
दुसरी पिशवी फोडली. तोही फाटला.
खालच्या मजल्यावरच्या ब्लँच मिनेझिसबाई
ओव्हन द्यायला वर आल्या होत्या,
वायर खांद्यावर टाकलेली, धाप लागलेली.
पातेल्यात डोकावून म्हणाल्या,
"उकळत्यात नाय घालायचा रे.
गॅस बंद कर. उकळी बसू दे.
मग घाल. मग नाय फाटत."

नाही फाटला.
ओट्याला टेकून उभ्यानेच प्यायलो,
आणि उगाच आठवला
ऐन भांडणात बायकोपुढे धरलेला
माहीमचा हलवा,
त्याच्या तुपकट कागदांसकट.
चार दिवस ह्याच ओट्यावर पडून होता.

केकचं म्हणाल तर,
लोणी फेसायला घेतलं, खांडसरी विरघळेना.
पांढरी कशी लगेच हलकी होते, नाव विसरते.
ही करकरत राहिली, चमच्याला आडवी येत.
त्याआधी चाळणीत अडकलं होतं
उसाचं चिपाड एक, नखाएवढं,
आणि गोणीचा धागा;
कुठल्याशा गुऱ्हाळाने
घाईत पत्ता लिहून पाठवावा तसे.
मी दोन्ही बशीत काढून ठेवले.
मग कोमट दूध. मग थांबणं.
मग चमचाभर दही, आणि सोडा,
ज्याला फुलायला थोडं आंबट लागतंच.

जुईली दहाला पाच कमी असताना आली.
आज नऊ पूर्ण.
केकला मधोमध भेग, रंग विटेचा.
"चॉकलेट?"
"नाही."
"मग जळला?"
"नाही गं. साखरच अशी आहे. तिला धुतलेलं नाही."
तिने कड तोडली.
दाताखाली कणी आली,
त्याचा आवाज टेबलाच्या ह्या बाजूला
मला ऐकू आला. खीमजीने सांगितलं होतंच.
"आईच्या केकमध्ये असं कर्र होत नाही,"
ती म्हणाली,
आणि दुसऱ्या बाजूची कड तोडली.

दुपारभर आम्ही पत्ते खेळलो.
ती मेंढीकोट शिकली, मला हरवून.
बशीतलं चिपाड तिने उचललं,
चावून पाहिलं, काहीच लागेना,
तरी कंपासपेटीत ठेवलं.

सहा वाजता डबा भरताना
तिने विचारलं, "आईलाही नेऊ?"
"ने."
"कशाचा आहे विचारलं तर?"
"उसाचा म्हणावं."
"एवढंच?"
एवढंच. जास्त काही सांगायला
हात शिवशिवतो, तोंड उघडतं,
पण मी झाकण लावलं, रबर चढवलं,
जिन्यापर्यंत सोडायला गेलो.

रात्री ताटाभोवती मुंगळे आले,
बोलावल्यासारखे, ओळीत.
उरलेली खांडसरी मी बरणीत ओतली.
ह्या दमट हवेत
चौथ्या रविवारपर्यंत तिचा गोळा होणार,
बत्त्याने फोडून घ्यावा लागेल.